अप्पांचा तांब्या आणि एक रिकामा फुगा

भावानं पहिलं पान उलटलं आणि तोंड कारलं खाल्ल्यासारखं केलं.

"अक्का, हे काय काढलंत? अप्पांच्या हातात हे काय आहे?"

"तांब्या," मी म्हणाले.

"तांब्या?"

"पितळेचा. कडेनं पाणी सांडतंय बघ."

"अहो, पण निजामाची हद्द ओलांडताना अप्पांच्या हातात तांब्या कशाला?"

"कारण ते तांब्या घेऊनच गेले. परसाकडं जाऊन येतो म्हणाले अन् थेट सोलापुरात निघाले. चार महिन्यांनी परत आले तेव्हा तांब्या न्हवता. अव्वा पहिली त्याच्यावरनंच भांडली."

भाऊ म्हणाला, त्याला भूमिगत होणं म्हणतात. मी म्हणाले, भूमिगत झालेला माणूस मावशीच्या घरी रोज दोन वेळा गरम जेवत नसतो. तो उठून आत गेला. त्याला अप्पांच्या हातात बंदूक पाहिजे होती.

माझा भाऊ मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालाय. त्यामुळं आपण बोलतो ते फळ्यावर लिहिल्यासारखं खरं असतं, असं त्याला वाटतं. तो जन्मला पोलीस ॲक्शननंतर वर्षानं. म्हणजे निजामाचं राज्य गेलं, रझाकार पळाले, भारताची फौज येऊन गेली, अप्पा सोलापूरहून माघारी आले, आणि मग हे महाराज अवतरले. तरी त्या काळातलं सगळं त्याला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. मी तेव्हा सहा वर्षांची होते, सगळं डोळ्यांनी बघत होते, पण 'अक्का, तुम्ही लहान होता' असं तो मला सांगतो.

दरवर्षी सप्टेंबरात शाळेत मुक्तिदिनाला त्याचं भाषण असतं. आधी आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, 'लढ्याला मदत केली' होती. मग काही वर्षांनी 'लढ्यात भाग घेतला'. मग त्यांनी करोडगिरीचा नाका जाळला. हद्दीवर निजामाचा जकातीचा नाका असायचा, त्याला आमच्याकडं करोडगिरी म्हणायचे. यंदा तोच नाका अप्पांनी हातबाँबनं उडवला. मी पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून ऐकत होते. अप्पा म्हणजे दिवाळीत कानात कापूस घालून माजघरात बसणारा माणूस. शेजारची बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "खरंच व्हय ओ बाई?" मी म्हणाले, "पुढच्या वर्षी या. रणगाडा पाडत्यात."

त्या दिवशी घरी आले आणि पेन्सिलीला टोक केलं.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे फुलदाणी शिकवली, केळी शिकवली, आणि वरच्या वर्गाला फुलदाणीशेजारी केळी शिकवली. लग्न केलं न्हाई. कुणी केलं असतं तर त्या बिचाऱ्याचं काय झालं असतं, महादेवालाच ठाऊक. भावाच्या घरी, आमच्याच गावी मुरुमला राहते. भावाची सून हुशार आहे, मला आत्या म्हणते आणि माझ्या बाजूची आहे. तिनं एकदा मोबाईलवर दाखवलं, की बाहेरच्या देशात माणसं आपलं लहानपण असं चौकटी चौकटी करून काढतात. क्रांती, लढाई, बाँब, घरातली भांडणं, सगळं. माणसाच्या तोंडातून फुगा निघतो आणि फुग्यात बोलणं लिहितात. मी म्हणाले, आता गं बया! आमच्याकडं काय कमी झालं होतं? फक्त काढणारं कुणी न्हवतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, उजवा डोळा चांगला दिसत होता. सूनबाईनं जाड कागदाची वही आणून दिली. मी स्वतःला एक अट घालून घेतली. जे झालं तेच काढायचं. एक रेघ खोटी न्हाई. घरात खोटं बोलायला एक माणूस बास आहे.

दुसऱ्या पानावर एक जाडजूड बाई जीपमधून येताना काढली आहे. हिरवं लुगडं, नाकात नथ, हातात काठी. ती 'ॲक्शन'. झालं काय, की त्या दिवसांत आमच्या गावात जो तो म्हणायचा, ॲक्शन येणार, ॲक्शन नळदुर्गापर्यंत आली, ॲक्शन आली की रझाकारांची खैर न्हाई. मला वाटलं, कुणीतरी बाईच आहे. आमच्या गल्लीत अशी एक होती, तिला बघून कुत्रीसुद्धा वाट सोडायची. तसली असणार. फौजेच्या गाड्या सडकेनं गेल्या तेव्हा सगळं गाव बघायला पळालं, मीही पळाले, आणि दर गाडीत बाई शोधत राहिले. संध्याकाळी अव्वाला, म्हणजे आईला, रडत सांगितलं, ॲक्शन आलीच न्हाई. अव्वा म्हणाली, "आली की गं. आता बघ काय काय करती ती."

हे पान बघून सूनबाई इतकी हसली, की तिला ठसका लागला. भाऊ म्हणाला, हा इतिहासाचा अपमान आहे.

पुढचं पान सगळं काळं आहे. चार चौकटी आणि चारही काळ्या. सूनबाईला वाटलं शाई सांडली. तसं न्हाई, ते पेव आहे. पेव म्हणजे जमिनीखालची धान्य साठवायची जागा. वर तोंड माणूस उतरेल एवढंच, आत खोली. रझाकार गावात शिरले तेव्हा अव्वानं आम्हाला रिकाम्या पेवात उतरवलं. मी, माझी मोठी चुलतबहीण, आणि पिंजाऱ्याची पोरगी. आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत न्हवतं, मग चित्रात काय दाखवणार? म्हणून नुसते फुगे आहेत. एका फुग्यात वरच्या शिव्या. एका फुग्यात गायीचं हंबरणं. एका फुग्यात चुलतबहीण सगळ्या देवांची नावं घेतेय. आणि शेवटच्या फुग्यात मी: "मला शी लागली."

आता हसू येतं. तेव्हा माझे दात वाजत होते आणि ते थांबवता येत न्हवते. त्या दिवशी गावातली दोन माणसं गेली. त्यातला एक अप्पांचा चुलतभाऊ, ज्यानं कधी कुणाला वाकडा शब्द बोललेला न्हवता. मला तो खांद्यावर बसवायचा. आजही त्याची आठवण आली की मला रझाकारांचा तसाच राग येतो.

आम्ही तिघी वाचलो त्या पिंजाऱ्यामुळं. आमच्या घराला लागून त्याचं घर, अप्पांना तो शेटजी म्हणायचा. कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. बायको बाळंतपणात गेलेली, घरात तो आणि ही एकच पोरगी. पोरगी माझ्याच वयाची. तिच्या केसात कायम कापूस अडकलेला असायचा आणि ती दिवसभर आमच्याच घरात असायची. त्या दिवशी त्यानं स्वतःची पोरगीही आमच्याबरोबर पेवात उतरवली, पेवाच्या तोंडावर फळी टाकली, फळीवर कापसाचा ढीग घातला आणि वर बसून पिंजायला लागला. रझाकारांनी विचारलं तेव्हा म्हणाला, इथं कुणी न्हाई, शेटजीची गादी भरतोय. ते त्याच्याच जातीधर्माचे, त्यांनी विश्वास ठेवला. आमच्या डोक्यावर तो तुणतुण आवाज बराच वेळ चालला होता. चौकटीच्या वरच्या कडेला मी तो अक्षरांनी काढलाय: 'तुण् तुण् तुण्'.

हे पान भावाला चाललं. "सामाजिक सलोखा," तो म्हणाला. त्याला एका ओळीत बसणारं काही मिळालं की तो खूश होतो.

भांडण झालं त्याच्या पुढच्या पानावर.

ॲक्शन झाल्यावर चार-सहा दिवसांनी, अप्पा अजून सोलापुरातच असताना, आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. कुऱ्हाडी होत्या, काठ्या होत्या. रझाकार तर केव्हाच पळून गेले होते. मग सूड घ्यायला सापडले कोण? तर गाद्या भरणारे, बांगड्या भरणारे, विडी वळणारे. हे करणारे सगळेच बाहेरचे होते असं गावात सांगतात. सगळे बाहेरचे न्हवते. आमच्या गावचीही माणसं त्यांच्यात होती आणि मी ती बघितली. मुडदा बशिवला त्यांचा! इतक्या वर्षांनीही तोंडात दुसरं काही येत न्हाई.

आम्ही लिंगायत, घरात कानडी बोलणारे. आमच्यात मूल जन्मलं की गळ्यात लिंग बांधतात, आणि ते जिवात जीव असेपर्यंत अंगावरून उतरवायचं न्हाई. अव्वा आंघोळीलाही काढायची न्हाई. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाला गलका झाला, तशी अव्वानं पिंजाऱ्याच्या पोरीला दंडाला धरून आत ओढलं. तिच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. आणि मग स्वतःच्या गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढली आणि पोरीच्या गळ्यात घातली. मी बघतच राहिले. मला वाटलं, आता अव्वा मरणार. खरंच वाटलं. मी तिच्या लुगड्याला धरून 'मरू नको, मरू नको' म्हणत होते, तर तिनं मला एक धपाटा घातला.

अव्वा, मी आणि ती पोरगी, तिघी उंबऱ्यात उभ्या. आत लपलो असतो तर शंका आली असती, असं अव्वा नंतर सांगायची. समोरून ती माणसं आली आणि मधे पिंजारी. हात मागं बांधलेले. अंगात बंडी, बंडीला कापूस चिकटलेला. तो आमच्या दारावरून जात होता आणि त्याच वेळी पोरगी ओरडली. एकच शब्द.

एक जण थबकला. कुऱ्हाडीचा दांडा आमच्याकडं करून म्हणाला, "काय म्हनली ती? अब्बा म्हनली न्हवं?"

अव्वानं पोरीला उचलून कडेवर घेतलं. एवढी मोठी पोर, पाय गुडघ्यापर्यंत लोंबत होते. आणि म्हणाली, "अव्वा म्हनली. आईला हाक मारली. कानडी घरात पोरं आईला काय बापू म्हनत्यात? तुझ्या आईनं तुला शिकिवलं न्हाई का काही?"

तो माणूस मराठी मुलखातला. त्याला कानडी येत न्हवतं, आणि येत न्हाई हे चारचौघांत कबूल करायचं न्हवतं. पोरीच्या कपाळाकडं बघितलं, गळ्यातल्या डबीकडं बघितलं, थुंकला आणि पुढं गेला. पिंजारी परत आला न्हाई.

आमच्या घरात ही गोष्ट अव्वाच्या हुशारीची गोष्ट म्हणून सांगतात. अव्वा होती तोवर ती स्वतः सांगायची, मग मी सांगायला लागले, मग भाऊ. लग्नकार्यात पंगत उठली की कुणीतरी म्हणायचंच, ते अब्बा-अव्वाचं सांगा. लिहून बघा म्हणजे कळेल. व च्या पोटात एक रेघ मारली की ब होतो. पोरगी ब ओरडली, अव्वानं त्याच्या पोटातली रेघ पुसली आणि पोरीचा जीव वाचवला. मी शेजारीच होते. मला 'अब्बा'च ऐकू आलं होतं.

हे सगळं मी एका पानावर सहा चौकटींत काढलं. पोरगी ओरडते ती चौकट सगळ्यात मोठी केली. तिचं उघडं तोंड, आणि तोंडातून निघालेला भला थोरला फुगा. फुगा रिकामा ठेवला.

भाऊ म्हणाला, "अक्का, पुस्तक झकास आहे. शाळेत मुक्तिदिनाला प्रकाशन करू. मी प्रस्तावना लिहितो. फक्त हे पान काढा."

"का?"

"त्या माणसांची नातवंडं पहिल्या रांगेत बसतात."

"मी कुणाचा चेहरा काढला न्हाई. पाठीच काढल्यात. पाठी अन् पागोटी."

"गावात पागोटं ओळखतात, अक्का."

"ओळखू देत. त्यासाठीच घड्या नीट काढल्यात."

"अहो, आनंदाच्या दिवशी हे कशाला? झालं गेलं गंगेला मिळालं."

मला असा संताप आला, की हातातला ब्रश मी पाण्याच्या वाटीत न बुडवता चहाच्या कपात बुडवला. मी म्हणाले, "तुझ्या भाषणातला हातबाँब गंगेला मिळाला न्हाई, तो दरवर्षी फुटतो. अन् त्या माणसानं आमच्या डोक्यावर बसून आमचा जीव वाचवला, तेवढाच गंगेला मिळाला व्हय? हे पान न्हाई तर पुस्तक न्हाई."

 भावानं मग मला बरोबर जागी पकडलं. हेडमास्तर होता शेवटी. म्हणाला, "जिची गोष्ट आहे तिला विचारलंत का?"

विचारलं न्हवतं.

ती लोहाऱ्याला असते. त्या दिवसानंतर ती आमच्या घरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिली. मग तिचा मामा शोधत आला आणि लोहाऱ्याला घेऊन गेला. तिथंच लग्न झालं, पोरं झाली, पतवंडं झाली. आमचं येणं-जाणं कधी तुटलं न्हाई. ईदेला तिच्याकडचा शीरखुर्मा येतो, संक्रांतीला मी जाते. अव्वा गेली तेव्हा ती येऊन आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त रडली. पण त्या दिवसाबद्दल तिनं आजवर एक शब्द काढलेला न्हाई. आम्ही पंगतीत तिची गोष्ट सांगून टाळ्या घेतो आणि ती कधी तोंड उघडत न्हाई, हे माझ्या ध्यानात आलं ते भावानं विचारल्यावर. मला माझीच लाज वाटली.

मी ठरवलं, तिला वही दाखवायची. ती न्हाई म्हणाली तर सगळी वही बंबात घालायची. आणि हो म्हणाली, तर फुग्यात काय लिहायचं तेही तिलाच विचारायचं. शब्द तिचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही पिशवीत घातली, शाईची दौत आणि टाक रुमालात बांधला आणि जीपच्या थांब्यावर गेले. जीपवाला म्हणाला, "बसा आज्जी, अजून दोन शीटं आली की निघतो." आत आधीच दहा जण होते. मी म्हणाले, "दोन शीटं कुठं बसवणार, माझ्या डोक्यावर?" तो म्हणाला, "आज्जी, बसत्यात." आणि मेल्यानं खरंच बसवली. एक माझ्या मांडीवर अर्धी, एक दाराला लटकून. लोहाऱ्यापर्यंत माझा डावा पाय कुणाचा आहे हे मला कळत न्हवतं.

ती दारातच बाजेवर बसली होती, उन्हाला पाठ करून. मला बघून म्हणाली, "मास्तरीण! मेली न्हाईस का गं अजून?"

"तू मेल्याबिगर मी कशी मरू? तुझ्या मातीला कोण येणार?"

नातसुनेनं चहा आणला. हिला साखरेचा आजार. नातसून आत गेली तशी ही माझ्या कपातली साखर बोटानं काढून चाटायला लागली. मी कप लांब केला. ती म्हणाली, "दे गं जरा. एवढं वय झालं, आता काय मिठ्ठू मिया होऊन पिंजऱ्यात बसू?" मी दिला.

मग मी वही काढली. डोळ्यांना तिच्याही कमी दिसतं, पण चष्मा लावून तिनं एकेक पान जवळ धरून बघितलं. तांब्या घेतलेले अप्पा बघून ती इतकी हसली, की बाज करकरली. "या अल्ला! शेटजीच गं! पोट बी तस्संच!" नथवाल्या ॲक्शनला हसली. काळ्या पानावर मी फुगे वाचून दाखवले. शेवटच्या फुग्याला म्हणाली, "लागली न्हवती, झाली व्हती तुला. माझ्या पायावर." मी म्हणाले, हे छापायचं न्हाई. ती म्हणाली, "तू खरं छापती न्हवं? मग छाप."

मग ते पान आलं.

 ती पानावरून बोट फिरवत राहिली. अव्वावर थांबली. डबीवर थांबली. बापाच्या बंडीवर थांबली.  मी आपली बडबडत सुटले. म्हणाले, तुला नको असलं तर आत्ता फाडते. तुला विचारल्याबिगर फुग्यात काही लिहिलं न्हाई. आमच्या घरात इतकी वर्षं आम्ही तुझी गोष्ट सांगत आलो, तुला कधी विचारलं न्हाई, चुकलं आमचं. तू 'अब्बा' म्हणालीस ते तसंच लिहू का, का नको, तू सांगशील तसं.

ती म्हणाली, "म्या अब्बा न्हाई म्हनले."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं न्हाई. मी म्हणाले, "अगं, तू ओरडलीस न्हवं, तेव्हा—"

"म्या अव्वा म्हनले." तिनं चष्मा काढला. "तुझ्या आईनं इबूत लावली न्हवं कपाळाला, तवा कानात सांगितलं मला. आता काय बी झालं तरी मला अव्वा म्हनायचं. दुसरं काय बी तोंडातनं काढायचं न्हाई. म्या ध्यानात ठेवलं. लई शानी पोर व्हते गे मी."



"समोरनं ते चालले व्हते, हात बांधलेले. माझ्याकडं बघितलं त्यांनी. माझ्या तोंडात तेच आलं व्हतं. पर तुझ्या आईनं सांगितलेलं आठवलं अन् म्या अव्वा म्हनून वरडले. दातखिळी बसली व्हती, त्या मुडद्याला ब ऐकू आला. तुला बी ब ऐकू आला. तुझ्या आईला बी तसंच वाटलं असंल." तिनं चष्मा पदराला पुसला. "त्यांना काय ऐकू आलं, ते मला ठावं न्हाई. बाप मरायला चाललाय अन् म्या दुसऱ्याच्या आईला हाक मारली."

मी म्हणाले, त्यांना बरंच वाटलं असेल. पोरगी वाचली, हे कळलं असेल त्यांना.

"असंल," ती म्हणाली. "मी बी तसंच म्हनते रोज."

आत नातसून भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता.   मी तिचा हात धरला. हात गार होता, साखरेनं चिकट झाला होता.

मग मी विचारलं, "मग काय करू? अव्वा लिहू? झालं तसं?"

ती रागावली. खरंच रागावली, डोळे मोठे करून. "नक्को! अव्वा कशाला लिवतीस? ती म्या एकदा म्हनले, बास झालं. आता अब्बा लिव."

"पण तू तर म्हणालीस—"

"काय म्हनले ते मला ठावं हाय. चितर तुझंच हाय न्हवं? ह्यात तर त्यांना हाक मारू दे मला."

मी रुमाल सोडला. दौत बाजेवर ठेवली, ती लवंडू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी धरली. मी फुग्यात अ लिहिला.  त्याच्यापुढं अर्धा ब काढला, त्याच्या पोटात रेघ मारली. ती अगदी जवळ तोंड आणून बघत होती.

"लई बारीक लिवतीस," ती म्हणाली. "मोठं लिव गे. कापूस पिंजून पिंजून त्यांना कानानं कमी ऐकू यायचं."

मी मोठं लिहिलं.